चौघा भावांपैकी आधी अविवाहित भाऊ शोधा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा इंडियानात, सूनबाई तिथलीच. विहीणबाई सांगतात की त्यांचे खापरपणजोबा आणि त्यांचे तीन भाऊ अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून, म्हणजे युनियन सैन्यातून लढले आणि चौघांतले दोघे परत आलेच नाहीत. पुरावा म्हणून घरात दोन वस्तू आहेत. एक जुनं बायबल, पण त्यातलं जन्म-लग्न-मृत्यू लिहायचं पान कुणीतरी नीट कापून काढलेलं. दुसरा पुठ्ठ्यावरचा छोटा फोटो, पाठीवर एक तिकीट आणि पेन्सिलीनं लिहिलेलं 'फर्स्ट इंडियाना'. नातवाला हे सगळं लिहून काढायचंय आणि आजी म्हणून तुम्ही पदर खोचलाय. ठाण्यात बसून हे जमेल का, असं विचारलंत. पुष्कळसं जमेल. ज्या लढाईमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं विकला गेला, ती हीच, १८६१ ते १८६५. तिचे कागद अमेरिकन सरकारनं आश्चर्य वाटावं इतके जपलेत.

मी गेली एकोणीस वर्षं मेरीलँडमध्ये राहून लोकांच्या घराण्यांचे कागद शोधून देते. या कामात जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो, आणि तुमच्या पत्रातही तिची चाहूल लागली. तुम्ही लिहिलंय, 'आधी खापरपणजोबांचं बघते, मग वेळ उरला तर बाकीचे.' नेमकं उलटं करा. खापरपणजोबा परत आले, संसार केला, वंश वाढवला, त्यांचं नाव घरात टिकलं. जो भाऊ विशी-बाविशीत गेला, ज्याचं लग्न झालं नव्हतं, ज्याच्या नावानं पाणी सोडायलाही मागे कुणी नव्हतं, त्याला आधी शोधा. घरातल्या माणसांबद्दल सगळ्यात जास्त कागद बहुतेक वेळा त्याच्यामुळेच तयार झालेला असतो.

कारण पेन्शन. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं लढाईत मेलेल्या किंवा लढाईतल्या दुखण्यानं मेलेल्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. विधवा नसेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांना. तीही नसतील तर आईला, पण आई त्या मुलाच्या कमाईवर अवलंबून होती हे सिद्ध झालं तरच. आता त्या बाईला काय काय सिद्ध करायचं आलं बघा. मी याची आई. माझं लग्न अमक्या साली अमक्या गावी झालं. मुलाला बायको नाही, पोर नाही. नवरा वारला, किंवा आहे पण त्याच्याच्यानं काम होत नाही. आणि हा मुलगा मला पैसे पाठवत असे. शपथेवर शेजारी बोलवा, डॉक्टरचा दाखला आणा, जमीन किती, गाई किती, कर किती भरते ते लिहा. पैसे पाठवल्याचा पुरावा काय? मुलाची पत्रं. ती पत्रं तिनं मूळ स्वरूपात वॉशिंग्टनला पाठवली आणि ती तिथेच राहिली.

ओहायोतल्या एका घराण्याची अशी फाइल मी उघडली तो दिवस चांगला आठवतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वाचनालयात तुमच्यासमोर मूळ कागद ठेवतात. तीन घड्या घातलेले, तपकिरी पडलेले कागद, काही गठ्ठ्यांना खरोखरच लाल फीत. आत आईचा अर्ज, खाली सहीच्या जागी फुली, आणि फुलीला साक्षीदार म्हणून दोन नावं. त्यातलं एक थोरल्या मुलाचं. म्हणजे तो त्या तारखेला जिवंत होता आणि आईजवळ राहत होता, हे एका फटक्यात कळलं. त्याखाली धाकट्याचं पत्र, व्हिक्सबर्गच्या वेढ्यातल्या छावणीतून १८६३ च्या उन्हाळ्यात लिहिलेलं. शिपायाचा पगार तेव्हा महिना १३ डॉलर. त्यातले १० पाठवतोय, असं लिहून पुढे वहाणा घे, सावकाराला दोनच दे, आणि लहानग्याला सैन्यात येऊ देऊ नकोस. पत्राच्या कोपऱ्यावर पेन्शन कचेरीचा शिक्का थेट त्याच्या सहीवर उमटलेला. घरच्या लोकांना लहानगा नावाचा चौथा भाऊ होता हेच माहीत नव्हतं.

म्हणून तुमच्या बायबलचं कापलेलं पान वाचून मी जरा सावरून बसले. दाखला म्हणून बायबलमधलं कौटुंबिक नोंदींचं पानच काढून पेन्शन कचेरीला पाठवणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. इंडियानात जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी १८८२ नंतरच्या, त्याआधी आईकडे दुसरा कागद होताच कुठे? हमी देत नाही, पण ते पान एखाद्या भावाच्या फाइलमध्ये दीडशे वर्षं घडी घालून पडलेलं असणं अगदी शक्य आहे.

आता फोटो. तुम्ही पाठीवरच्या तिकिटाचा जाता जाता उल्लेख केलात, पण तिकीट महत्त्वाचं आहे. युद्धाचा खर्च भागवायला फोटोंवर कर बसवला होता आणि १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढ्याच काळात विकलेल्या फोटोंच्या पाठीवर महसुली तिकीट चिकटवायचे. म्हणजे तुमचा फोटो या तेवीस महिन्यांतला. कधी कधी फोटोवाला तिकिटावर शाईनं तारीखही टाकायचा, भिंग लावून बघा.

आणि 'फर्स्ट इंडियाना'ची गंमत अशी की यादवी युद्धात इंडियानाचं पहिलं पायदळ नव्हतंच. १८४६ च्या मेक्सिकोच्या लढाईत इंडियानाच्या पाच रेजिमेंट गेल्या होत्या, त्यांचा मान राखून १८६१ मध्ये क्रमांक सहापासून सुरू केले. मग उरतात दोन शक्यता. एक फर्स्ट इंडियाना कॅव्हलरी, म्हणजे घोडदळ. हिचा राज्याच्या यादीतला क्रमांक २८ वा, आणि ती मुख्यतः मिझुरी-आर्कान्सामध्ये होती. दुसरी फर्स्ट इंडियाना हेवी आर्टिलरी, म्हणजे जड तोफखाना. ही मुळात २१ वी पायदळ रेजिमेंट, १८६३ मध्ये तिचा तोफखाना केला; लुइझियानात, पोर्ट हडसनच्या वेढ्यात होती. त्यामुळे एकाच माणसाची नोंद '२१ वी इंडियाना' आणि 'फर्स्ट हेवी आर्टिलरी' अशा दोन नावांखाली सापडेल. दोन वेगळी माणसं समजू नका. फोटोत टोपी दिसत असेल तर तिच्यावरचं पितळी चिन्ह बघा. फुलीसारख्या दोन तलवारी म्हणजे घोडदळ, दोन तोफा म्हणजे तोफखाना, शिंग म्हणजे पायदळ. पेन्सिलीचा मजकूर मात्र पुढे कधीतरी नातीनं लिहिलेला असू शकतो, तेव्हा त्याला वाटेवरची खूण म्हणा, पुरावा म्हणू नका.

पहिलं काम: १८५० आणि १८६० ची जनगणना. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट दिसते, फक्त खातं उघडावं लागतं. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि वय लिहिलेलं आहे. चार पोरं एका छपराखाली सापडली की त्यांची वयं, आईबापांची नावं, गाव आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एका कागदावर उतरवा. एक सावधगिरी: या दोन्ही जनगणनांमध्ये नातं लिहिलेलं नाही, ते १८८० पासून सुरू झालं. घरात राहणारा पुतण्या किंवा त्याच आडनावाचा गडीही भावासारखाच दिसतो. तुमच्या गोष्टीतले चार भाऊ प्रत्यक्षात तीन भाऊ आणि एक चुलतभाऊ निघाले तर मला नवल वाटणार नाही.

मग रेजिमेंट. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची शिपायांची यादी इंटरनेटवर आहे, ६३ लाख नोंदींची. पण तिच्यात नाव आणि रेजिमेंट याखेरीज फारसं काही नाही, आणि तुमच्या विहीणबाईंच्या आडनावाचे इंडियानात डझनांनी सापडतील. इथेच भाऊ एकत्र शोधायचा फायदा होतो. सैन्यभरती गावागावांतून व्हायची. गावातला एखादा वकील किंवा दुकानदार शंभर पोरं गोळा करायचा, त्यांची एक कंपनी व्हायची, तोच कॅप्टन. अशा दहा कंपन्यांची पायदळाची रेजिमेंट. (कंपन्यांना ए ते के अक्षरं, मधलं जे गाळलेलं, कारण हस्ताक्षरात आय आणि जे सारखेच दिसत.) भाऊ भाऊ, मेहुणे, शेजारी एकाच कंपनीत असायचे. एकट्या जॉनला शोधलंत तर हरवाल; एकाच कंपनीत त्याच आडनावाचे जॉन, हेन्री आणि शेजारच्या शेतातला पोरगाही सापडला, तर घर सापडलं.

पेन्शनच्या दोन सूच्या आहेत. एक नावावर लावलेली. ती फॅमिलीसर्चवर आहे. दुसरी राज्य, रेजिमेंट, कंपनी अशी लावलेली, फोल्ड थ्री या पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळावर. एक महिन्याची वर्गणी काढा, पण दुसरी बघाच. तुमच्या कंपनीची सगळी कार्डं एका बैठकीत वाचता येतात. कार्डावर तीन ओळी असतात: अपंग शिपाई, विधवा, अल्पवयीन मुलं. मुलांची ओळ खोडून किंवा तिच्याशेजारी 'मदर' लिहिलेलं दिसलं की थांबा. तोच तुमचा अविवाहित भाऊ.

इथे माझी एक फजिती सांगते. सुरुवातीच्या वर्षी एका कुटुंबासाठी मी नाव, राज्य आणि वय जुळलं म्हणून फाइल मागवली, प्रतींचे पैसे भरले, दोन महिने वाट पाहिली. शंभराच्या वर पानं आली. पहिल्याच पानावर बायकोचं नाव वेगळं. तरी माझं मन मानेना, दुसरं लग्न असेल म्हणून मी अख्खी फाइल वाचून काढली. माणूस तीन काउंट्या पलीकडचा होता. त्या दिवसापासून आईचं किंवा बायकोचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय मी एक पैसा भरत नाही.

सेवेची नोंद वेगळी असते, तिला पेन्शनच्या फाइलशी मिसळू नका. युद्धानंतर वीस-पंचवीस वर्षांनी मस्टरचे मूळ कागद हाताळून फाटायला आले, तेव्हा युद्धखात्यानं प्रत्येक शिपायाच्या प्रत्येक हजेरीची नोंद एकेका कार्डावर उतरवून घेतली. दोन दोन महिन्यांची हजेरी: हजर, गैरहजर, आजारी, कैद. वर्णनाच्या कार्डावर वय, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, जन्मगाव, धंदा. नातवाला हे फार आवडेल. खापरपणजोबांची उंची फुटाइंचात कळते. आईबापांचं नाव मात्र यात शोधू नका, ते क्वचितच असतं.

कार्डावर 'डेझर्टेड', म्हणजे पळून गेला, असं दिसलं तर लगेच विहीणबाईंना फोन करू नका. इस्पितळात पडलेला माणूस मस्टरवर पळालेला म्हणून लागल्याची उदाहरणं कितीतरी आहेत, आणि पुढे ते डाग अर्ज करून पुसूनही घेतले गेले. पुढची कार्डं वाचा. अर्थात काही जण पळालेही, हेही खरं.

'दोघे परत आले नाहीत' या वाक्यावरही माझा तितकासा भरवसा नाही. घरातली गोष्ट कशी फुगते आणि कशी आक्रसते याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण बॉस्टनच्या लिडिया बिक्सबी या विधवेचं. पाच मुलगे लढाईत पडल्याबद्दल तिला अध्यक्ष लिंकनच्या सहीचं सांत्वनपत्र गेलं, २१ नोव्हेंबर १८६४ चं, आणि ते वर्तमानपत्रात छापूनही आलं. कागद काढल्यावर काय दिसलं? चार्ल्स १८६३ च्या मे महिन्यात फ्रेडरिक्सबर्गजवळ मारला गेला, ऑलिव्हर ३० जुलै १८६४ ला पीटर्सबर्गला. हे दोन खरे. हेन्री गेटिसबर्गला पकडला गेला, सुटला आणि रीतसर निवृत्त होऊन घरी आला. एक पळून गेला होता. आणि जॉर्ज? त्यानं बायकोला कळू नये म्हणून 'जॉर्ज वे' या नावानं भरती घेतली होती. तोही पीटर्सबर्गला पकडला गेला. पुढे तो सॉलिझबरीच्या कैदेत मेला की शत्रूकडे गेला, याबद्दल कागदच एकमेकांशी भांडतात. एका आईची पाच मुलं, आणि पाच प्रकारचे कागद. तुमच्या चौघांच्या बाबतीतही 'परत आला नाही' याचा अर्थ मेला, कैदेत मेला, नाव बदललं, किंवा नेब्रास्कात जमीन घेऊन तिथेच राहिला, यातला कुठलाही असू शकतो. टोपणनावाची शंका आली तर पेन्शनच्या सूचीत 'अलायस' हा शब्द शोधा.

खरोखर मेलेल्यांसाठी: १८७० पर्यंत युनियनच्या सुमारे ३ लाख शिपायांची प्रेतं उकरून राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरली गेली. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांची नावंच कळली नाहीत, म्हणून थडगं सापडलं नाही तर खचू नका. माजी सैनिक खात्याचा कबरींचा शोधक इंटरनेटवर फुकट आहे. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल कैदखान्याचं मात्र जरूर बघा. तिथे ४५,००० कैदी ठेवले होते, त्यातले जवळपास १३,००० मेले. पण डॉरन्स ॲटवॉटर नावाच्या पोरसवदा कैद्यानं मृतांची यादी चोरून उतरवून ठेवली आणि बाहेर आणली. तिच्यामुळे तिथल्या बहुतेक थडग्यांवर नावं आहेत.

जे जगले त्यांच्यासाठी १८९० चा कायदा आला आणि सगळं सोपं झालं. नव्वद दिवसांची सेवा, सन्मानानं सुटका आणि कष्टाचं काम न होण्याइतकं कुठलंही दुखणं, मग ते लढाईतलं असो वा नसो. पेन्शनरांना १८९८ आणि १९१५ मध्ये कचेरीनं प्रश्नावल्या पाठवल्या: बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे, कुणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, सगळ्या मुलांची नावं आणि जन्मतारखा. खापरपणजोबांच्या फाइलमध्ये त्यांच्याच हस्ताक्षरातला हा कागद असला तर नातवाचं निम्मं काम झालं.

१८९० च्या जनगणनेबरोबर युनियनच्या माजी सैनिकांची वेगळी यादी केली होती, पण राज्यांच्या वर्णानुक्रमातली अलाबामा ते कॅन्सस ही सगळी आणि केंटकीची निम्मी यादी नष्ट झाली. इंडियाना त्यात गेलं. त्याऐवजी इंडियानानं स्वतः १८८६, १८९० आणि १८९४ मध्ये काउंटीवार सैनिक, विधवा आणि अनाथांची नोंद केली होती, ती राज्याच्या अभिलेखागारात विचारा. १९१० च्या जनगणनेत तिसावा रकाना बघा. यू-ए लिहिलं असेल तर युनियन आर्मी.

हस्ताक्षराबद्दल एकच सूचना. दोन एस शेजारी आले की पहिला लांबट एफसारखा लिहीत, त्यामुळे 'रॉस' हे आडनाव 'रॉफ्स' वाचलं जातं, आणि सूची करणाऱ्यांनीही ते तसंच चढवलेलं असतं. मोडी वाचणाऱ्याला ही असली सवय लागायला वेळ लागत नाही.

सूचीतून अर्ज क्रमांक आणि प्रमाणपत्र क्रमांक हाती आले, आईचं नाव जुळलं, की मगच नॅशनल अर्काइव्ह्जकडे फॉर्म ८५ भरा. सेवेच्या नोंदीसाठी फॉर्म ८६. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. ८५ मध्ये 'निवडक कागद' असा स्वस्तातला पर्याय दिसेल, त्यात आठ-दहा पानं मिळतात. तो घेऊ नका. कारकून जी पानं निवडतो त्यात पत्रं नसतात, साक्षीदार नसतात आणि बायबलचं पान असलं तर तेही सुटू शकतं. पूर्ण फाइल मागा. पैशांची ओढाताण असेल तर चौघांची एक एक स्वस्त प्रत घेण्यापेक्षा त्या एका अविवाहित भावाची पूर्ण फाइल घ्या. मुलगा-सूनबाई वॉशिंग्टनला जाणार असतील तर त्याहून बरं. तिथे मूळ कागदांचे फोटो मोबाइलवर फुकट काढू देतात, फक्त दोन-तीन दिवस आधी सगळे क्रमांक तयार ठेवा.

आणि विहीणबाईंना आजच एक निरोप द्या: बायबलमधल्या कापलेल्या पानाच्या उरलेल्या कडेचा, बांधणीच्या शिवणीपर्यंतचा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. फाइलमध्ये पान निघालं तर ती कड आणि तो काप जुळतो का, हे तेवढ्यावरून ठरवता येईल.